चार पत्रकं आणि एक प्लग

गेल्या रविवारी रिक्षामामा आले ते चालत आले. इतक्या वर्षांत आमच्या फाटकाशी त्यांना पायी आलेलं मी प्रथमच पाहिलं, म्हणून आधी पोटात धस्स झालं. पण तसं काही नव्हतं. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत चार कंपन्यांची चार रंगीत पत्रकं. ती त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि म्हणाले, "अक्का, यातलं कुठलं घेऊ ते तुम्ही नि साहेबांनी बघून सांगा की. माझं डोकंच चालंना झालंय."

मामा म्हणजे आमच्या दोन्ही मुलांना शाळेत नेणारे-आणणारे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि कुणी मध्येच रिक्षा घातली की पुन्हा कन्नड! मुलं मोठी होऊन एक पुण्याला नि एक बेंगळुरूला गेली, तरी मामा हे नातं राहिलं. स्टेशनवर जायचं, सिद्धारूढ मठात जायचं, दवाखान्यात जायचं, की फोन मामांना. त्यांची गॅसवरची रिक्षा आता फार जुनी झाली. पुढच्या पासिंगला ती टिकत नाही असं गॅरेजवाल्यानं स्पष्टच सांगितलंय. मामांचं वय बावन्न. म्हणजे ही जी रिक्षा घेतील ती बहुधा आयुष्यातली शेवटची.

आमच्या ह्यांनी चष्मा लावला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी कर्जाचा कागद दाखवला की तो दहा वर्षांनी तरुण होतो. चारपैकी एक पत्रक गॅसच्या रिक्षेचं, तीन विजेवर चालणाऱ्या. एक कंपनी म्हणते, एकदा चार्ज केली की १७९ किलोमीटर. दुसरी म्हणते २५१. प्रत्येक पत्रकावर एक हसरा रिक्षावाला, हसरी बायको आणि दप्तर घेतलेली हसरी मुलगी. "ही माणसं एवढी हसतात कशाला?" मामांनी विचारलं. "हप्ता भरायचा नसंल यांना."

खरं म्हणजे मामांचा गोंधळ हा चैनीचा गोंधळ आहे. त्यांच्या वडिलांना तो झाला नसता, कारण त्या काळात निवड करायला काही नव्हतंच.

आपल्याकडे ऑटोरिक्षा आली ती एका नगरच्या माणसामुळे. स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी परदेशी तीनचाकी मालगाडीचं चित्र पाहिलं आणि माणूस माणसाला ओढतो ती हातरिक्षा बंद करायला ही गाडी उपयोगी पडेल असं त्यांच्या मनात आलं, अशी हकिगत सांगतात. मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी त्याला पाठिंबा दिला, असंही सांगतात. आपल्या वाचकांनी इथं एक लक्षात घ्यावं. तेव्हा धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातच होते, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. म्हणजे रिक्षेला हिरवा कंदील मिळाला तो आपल्याही सरकारकडून. पुढं सीमा हलल्या, रिक्षा तीच राहिली.

बजाज ऑटोला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार होता, तो १९७१ मध्ये संपला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं रिक्षा म्हणजे बजाज हे समीकरण झालं. इतकं, की इंडोनेशियात जाकार्ताच्या रस्त्यावर आजही रिक्षेला 'बजाज'च म्हणतात, आणि आफ्रिकेत इथिओपिया-टांझानियाकडेही तेच. आपल्याकडे 'टेम्पो' शब्दाचं असंच झालं. टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचं नाव. फिरोदियांच्याच बजाज टेम्पो कंपनीनं १९५८ पासून ती लांब नाकाची तीनचाकी इकडे बनवायला घेतली आणि बघता बघता मराठीत आणि कन्नडमध्येही माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी टेम्पो झाली. लग्नाचं सामान आजही 'टेम्पोतून' येतं, गाडी कुठल्याही कंपनीची असो.

तेव्हा रिक्षा घ्यायची म्हणजे नंबर लावायचा, परमिट मिळवायचं आणि वाट बघायची. रंग कुठला, आवाज किती, सीट मऊ की कडक, हे विचारायची सोय नव्हती.

मग १९९९ च्या सुमारास पियाजिओ परत आली, आणि ती आली बारामतीला. डिझेलवर चालणारी त्यांची गाडी तुम्हां-आम्हां सगळ्यांच्या ओळखीची: आपे. इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी. त्याच कंपनीची व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोन्ही नावं गुणगुणणारी. पण आपल्या भागात आपे म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? आपेपात्रातले गोल गरम आपे, कन्नडमध्ये पड्डू! माझी सासू शेवटपर्यंत म्हणायची, "त्या अप्प्यात नाही बसायची मी, फार उडवतं." डिझेलची आपे आल्यावर खेड्यापाड्यांच्या वाटेवर माणसं भरभरून नेणं परवडू लागलं. कोल्हापूर-साताऱ्याकडे त्याला वडाप म्हणतात, विजापूर-कलबुर्गीकडे टंटं, सोलापुरात टमटम. नावं आवाजावरूनच पडली असावीत.

पुढं महिंद्राच्या आल्या, २००८ मध्ये टीव्हीएसची किंग आली. आणि मग स्पर्धा थेट आपल्या दारात आली. टाटांनी २०११ मध्ये मॅजिक आयरिस नावाची चारचाकी काढली, रिक्षेएवढीच लहान, पण चौथं चाक आणि बंद दारं असलेली. तिची धाकटी मालवाहू बहीण एस झिप. या गाड्या आपल्या धारवाडच्या कारखान्यात बनू लागल्या. तेव्हा गावात सगळे म्हणत होते, आता रिक्षा संपली. पावसात भिजणारी, वळणावर कलणारी तीनचाकी कोण घेणार? माझ्या मावसबहिणीचा मुलगा तेव्हा त्याच औद्योगिक वसाहतीत कामाला होता, तो घरी येऊन छातीठोकपणे सांगायचा, "मावशी, पाच वर्षांत तुमच्या मामांची रिक्षा म्युझियममध्ये." बजाजनंही चार चाकांची क्यूट काढली. ती २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवली, पण ती कुठल्या वर्गातली गाडी मानायची या वादात तिची देशातली विक्री सुरू व्हायला २०१९ उजाडलं.

आज चन्नम्मा सर्कलला उभं राहा आणि मोजा. किती आयरिस दिसतात, किती क्यूट? आणि तीनचाकी किती?

का बरं असं झालं? मामांना विचारलं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "अक्का, दुर्गदबैलात ती वळते का?" दुर्गदबैलाच्या बाजारात रिक्षा जागच्या जागी फिरते, भाजीच्या गाड्यातून वाट काढते, बिघडली तर कुठलाही पोरगा पाना घेऊन खाली घुसतो. तीन चाकं ही कमतरता नाही, तेच तिचं शहाणपण आहे. पाश्चात्त्य देशांत तीन चाकांची मोटारसायकल मिळते, कॅनडाच्या कंपनीची कॅन-अॅम स्पायडर २००७ पासून, अमेरिकेतल्या पोलारिसची स्लिंगशॉट २०१४ पासून. पुढं दोन चाकं, मागं एक. माझ्या भाच्यानं तिकडून स्लिंगशॉटवर बसलेला फोटो पाठवला होता. किंमत ऐकून मामा म्हणाले, "एवढ्यात माझ्या स्टँडवरच्या सगळ्यांच्या रिक्षा येतील. नि सीटा दोनच?" तिकडे तीन चाकं ही हौस, आपल्याकडे पोट. आपल्याकडेही खरीखुरी तीनचाकी मोटारसायकल होऊन गेली आहे बरं का. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी हार्ले डेव्हिडसनना मागं बाकडी जोडून केलेल्या 'फटफटी' चांदणी चौक ते कॅनॉट प्लेस धावत, १९९८ मध्ये त्या बंद झाल्या. सौराष्ट्रातला छकडोही तसाच, पुढून बुलेट, मागून बैलगाडी!

असो. मूळ मुद्द्याकडे वळते. मामांच्या टेबलावरच्या चार पत्रकांकडे.

विजेची रिक्षा आता नवलाई राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२३ मध्ये विजेच्या तीनचाकी विकण्यात भारतानं चीनला मागं टाकलं. त्या एका वर्षात ५ लाख ८० हजारांच्या आसपास गाड्या खपल्या. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या त्या हळू चालणाऱ्या ई-रिक्षा, ज्या ताशी पंचवीसच्या वर जात नाहीत. पण मामांना हवी तशी, रिक्षेसारखी रिक्षाही आता सगळे करतात. महिंद्राची ट्रिओ २०१८ मध्ये बेंगळुरूत आली. मग पियाजिओची. सर्वात मोठी बजाज मात्र थांबून राहिली आणि २०२३ मध्ये उतरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं गोगो नावाच्या गाड्या काढल्या, तेव्हाची किंमत ३ लाख २७ हजारांपासून. त्याच्या आदल्याच महिन्यात टीव्हीएसनं आपली विजेची किंग २ लाख ९५ हजारांना आणली होती. आणि त्याच जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ह्युंदाई या कोरियन मोटार कंपनीनं टीव्हीएसच्या साथीनं विजेच्या तीनचाकीचा नमुना मांडला. ज्यांनी आजवर फक्त मोटारी विकल्या तेही आता मामांच्या मागं! वर्ष सरता सरता आणखी एका देशी कंपनीनं तर चालकाशिवाय चालणारी तीनचाकी काढल्याचं जाहीर केलं. ही बातमी मी मामांना सांगितली नाही. पण त्यांना माहीत होतीच. "वॉट्सअपवर आलंय की. दुर्गदबैलात आणा म्हणावं तिला."

आमच्या ह्यांनी कागदावर हिशेब मांडला. मामांचं रोजचं धावणं शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. गॅसला दिवसाला अडीचशे-तीनशे जातात. विजेच्या रिक्षेला तेवढ्याच अंतराला दहा युनिट लागतात असं धरू, युनिट सात रुपये धरलं तरी सत्तर रुपये. म्हणजे रोजची सुमारे दोनशेची बचत, महिन्याला पाच हजार. हप्ता त्यातूनच फिटतो! हे कागदावरून मान वर करून म्हणाले, "डोळे झाकून घ्या."

मामा काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "साहेब, ती वीज कुणाच्या घरातली?"

तर मंडळी, इथून पुढचा हिशेब पत्रकात नव्हता. मामा भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, बोळाच्या आत. रिक्षा रात्री बोळाच्या तोंडाशी, दुसऱ्याच्या भिंतीला टेकून उभी असते. तिथं वायर नेणार कुठून? समजा मालकानं हो म्हटलं. मामांच्या घराचं वीजबिल शून्य येतं, २०२३ पासूनच्या गृहज्योती योजनेमुळं. पण ती सवलत दोनशे युनिटच्या आत. रोजचे दहा युनिट रिक्षेला, महिन्याचे सव्वीस दिवस, झाले दोनशे साठ. त्यात घरचा पंखा, टीव्ही, मिक्सर. दोनशेच्या वर गेलं की सगळंच बिल भरायचं. म्हणजे रिक्षा स्वस्तात पळते, पण घरातला दिवा महाग होतो. वेगळं मीटर घेता येतं, हेस्कॉमकडे अर्ज करायचा, पण अर्जाला जागेच्या मालकाची सही लागते. भाडेकरूच्या गाडीसाठी मीटर बसवू देणारा मालक शोधायचा म्हणजे मुलीला स्थळ शोधण्याइतकंच अवघड.

आणि कर्ज! वाचकांपैकी कन्नड जाणणाऱ्यांना हे सांगायला नको, कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज, मराठीत 'साल' म्हणजे वर्ष. रिक्षावाल्याच्या घरी दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसतात: चार सालांचं साल. गॅसच्या जुन्या रिक्षेला चार वर्षांनी किती पैसे येतील हे हुबळीतला कुठलाही दलाल झोपेत सांगतो. विजेच्या रिक्षेला किती येतील? बॅटरी किती मुरली असेल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून कर्ज देणारा व्याज चढं लावतो. कंपन्या पाच-सहा वर्षांची हमी देतात खरी, पण हमी असते ती कंपनी असेपर्यंत. मामांच्या स्टँडवरच्या एकानं काही वर्षांपूर्वी एका नव्या कंपनीची (नाव घेत नाही) विजेची गाडी घेतली होती. दीड वर्षांनी कंट्रोलर गेला. शोरूमला गेला तर शटर खाली, वर दुसऱ्याच दुकानाची पाटी. गाडी चार महिने घरासमोर उभी होती, तिच्यावर त्याची बायको पापड वाळवत होती. हप्ते मात्र चालू. मामांना झोप येत नाही ती त्या पापडांमुळे.

सरकारी सवलतीचंही तसंच. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून अशा एका गाडीमागं ५० हजारांपर्यंत मिळत होते, पुढं ते निम्म्यावर आले. मग सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. गॅसच्या, पेट्रोलच्या रिक्षेवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, विजेच्या रिक्षेवर तो ५ टक्केच होता, तो तसाच राहिला. म्हणजे एका बाजूला विजेची महाग झाली, दुसऱ्या बाजूला गॅसची स्वस्त. त्याच वर्षी चीननं मोटरमध्ये लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि मोठमोठ्या कारखान्यांची गाडी अडली. हुबळीतल्या एका बोळात रिक्षा घ्यायची की नाही, हे बीजिंग नि दिल्लीवर ठरतं, आणि विचारायला माणूस येतो आमच्याकडे!

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते, आणि ती मी मामांना बोलूनही दाखवली. कंपन्या वाढल्या, किंमती उतरल्या, कर्ज सोपं झालं, तर रिक्षा घेणारे एकटे मामाच नाहीत. गावात रिक्षा वाढतील. बसणारे तेवढेच. पूर्वी परमिट नावाची चाळण होती. तिला नावं ठेवायला खूप जागा होती, पण स्टँडवर किती रिक्षा याला काही मर्यादा होती. बॅटरीवरच्या गाड्यांना केंद्रानं ऑक्टोबर २०१८ मध्ये परमिटमधून मोकळीक दिली. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण ज्या परमिटसाठी मामांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या, त्या कागदाची किंमत हळूहळू रद्दीची होत चालली. कंपन्यांच्या स्पर्धेत मामा गिऱ्हाईक आहेत, सगळे त्यांच्या मागं. रस्त्यावरच्या स्पर्धेत मामा गिऱ्हाइकाच्या मागं. पत्रकात पहिल्या स्पर्धेचं चित्र असतं, दुसरीचं नसतं.

आणि ती दुसरी स्पर्धा सोपी नाही. चिगरी आठवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये हुबळी-धारवाडच्या मधल्या राखीव मार्गावरून त्या वातानुकूलित बसगाड्या धावू लागल्या. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण, नाव किती गोड! बावीस किलोमीटरचा मार्ग, आणि धारवाडला जायला रिक्षा करणारा माणूस दिसेनासा झाला. त्याआधी या मार्गावर बेंद्रे बस होत्याच, घरी मराठी बोलून कन्नडचे महाकवी झालेल्या आपल्या द. रा. बेंद्र्यांच्या नावाच्या. मग ११ जून २०२३ पासून शक्ती योजना. बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. मी स्वतः त्याचा फायदा घेते, खोटं कशाला बोलू? उणकलच्या देवळात जायला आधी मामांना फोन करायची, आता बसथांब्यावर जाते. मीच नव्हे, आमच्या भिशीतल्या सगळ्याजणी. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला बेंगळुरूत रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी बंद पाळला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून "बरोबर आहे त्यांचं" म्हणत होते, आणि दुसऱ्या दिवशी फुकट बसनं दुर्गदबैलात गेले. मामांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "अक्का, हल्ली फार चालता तुम्ही. तब्येत चांगली राहील."

रिक्षेला काय उरलं? रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्या. आपल्या हुबळी स्टेशनाचा फलाट १५०७ मीटरचा, जगातला सर्वात लांब, मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. कौतुकाची गोष्ट. पण मागच्या डब्यातून उतरलेली म्हातारी त्या टोकापासून या टोकापर्यंत येईतो तिला बाकी काही नको असतं, फक्त रिक्षा हवी असते. दवाखाना उरला. गॅस सिलिंडर, दळण, नातवाला शाळेत सोडणं उरलं. आणि आमच्यासारख्या घरांचे जुने फोन.

मामांना गॅसचीच घ्या म्हणून सांगणं सोपं होतं. ओळखीचा आवाज, ओळखीचं गॅरेज, ओळखीचा दलाल. पण त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या मामी, त्या दुपारी स्वतः आल्या. एका शोरूमवाल्यानं दोघांना विजेच्या रिक्षेतून उणकल तळ्याला चक्कर मारून आणली होती. मामी मागं बसल्या होत्या. "भाळ छोलो ऐति," म्हणजे फार छान आहे, त्या म्हणाल्या. मग मराठीत: "आवाजच नाही हो बाई. हादरा नाही. यांची कंबर किती दुखती रात्री, मी तेल लावते रोज, मला ठाव हाय." ही गोष्ट ना आमच्या ह्यांच्या कागदावर होती, ना कुठल्या पत्रकात. तीस वर्षं इंजिनाच्या हादऱ्यावर बसलेल्या माणसाची कंबर. मामा ओशाळून खिडकीबाहेर बघत राहिले.

"नि धारवाडचा चढ?" ह्यांनी विचारलं. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर, तिघं बसवून चढताना बॅटरी किती खाईल हा प्रश्न बरोबर होता.

"धारवाडला जातंय कोण आता? चिगरी हाय की," मामी म्हणाल्या.

शेवटी मी ह्यांना सांगितलं, चारही पत्रकं बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. कुठल्या कंपनीचा मेकॅनिक हुबळीत स्वतःच्या दुकानात बसतो, फोनवर नव्हे. आणि रात्री प्लग कुठं आहे. पहिल्या प्रश्नाला दोन कंपन्या उरल्या. मामांनी सोमवारी जाऊन दोन्हींच्या वर्कशॉपबाहेर तासभर उभं राहून आत आलेल्या रिक्षावाल्यांना विचारलं, किती दिवस लागले, सुटा भाग होता की मागवला, पैसे किती घेतले. शोरूममध्ये विचारायचं नाही, वर्कशॉपच्या फाटकावर विचारायचं, ही त्यांची स्वतःची युक्ती. आता एकच उरलीय. कुठली ते ते मला सांगत नाहीत, "आधी प्लगाचं बघू" म्हणतात.

प्लगाचं मंगळवारी निघालं. मामा फाटकाशी उभे राहून आमच्या आवाराकडं बघत होते. पूर्वी आमची मोटार तिथं असे, ती विकून चार वर्षं झाली. पत्र्याचं छप्पर आहे, भिंतीत जुना बोर्ड आहे. ते काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, "मामा, रात्री इथं लावाल का?" तर म्हणाले, "इरली बिडरी, राहू दे अक्का. साहेबांना विचारा आधी."

साहेबांना विचारलं. साहेब बँकेतले. मीटर कुणाच्या नावावर, आग लागली तर जबाबदार कोण, आपलं बिल वाढलं तर, उद्या घर विकायचं ठरलं तर, मुलाला विचारायला नको का. सगळे प्रश्न रास्त. मी ऐकून घेतले. मुलाला पुण्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "आई, पावसाळ्यात शाळेच्या फाटकाशी मामा माझं दप्तर स्वतःच्या शर्टाखाली धरायचे." आणि फोन ठेवला, मीटिंग होती त्याला.

काल सकाळी ह्यांनी हेस्कॉमच्या कचेरीत जाऊन वेगळ्या मीटरची चौकशी केली आणि अर्ज आणला. तो टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवलाय. वायरमन सोमवारी येऊन भिंत बघणार आहे, जुनी वायर चालणार नाही असं त्यानं फोनवरच सांगितलं. सही अजून व्हायची आहे.